विकेट बाळूच्या, कॅप्टनशिप दुसऱ्याची

मंडळी, पालघरचा शार्दूल ठाकूर किटबॅग खांद्यावर टाकून रेल्वेने मुंबईला क्रिकेट खेळायला जायचा, हे आपण कौतुकाने सांगतो. सांगायलाच हवं. पण आपली लाईन बी.बी.सी.आय. रेल्वेची होती, त्या काळात तिच्या नोकरीत असलेला एक बॉलर आपण पार विसरलोय. त्याचं नाव पालवणकर बाळू.

जन्म १८७६, धारवाडचा. चर्मकार कुटुंब. पुण्यात पारशांच्या क्लबात महिना ३ रुपयांवर लागला, मग साहेबांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर. काम काय, तर पिचवर रोलर फिरवायचा, नेट बांधायचं आणि साहेबांना बॉलिंग टाकायची. ग्रेग नावाचा साहेब मोठा बॅट्समन. आपल्याला आऊट केलं की तो बाळूला ८ आणे द्यायचा म्हणे! बॉलिंग मात्र फक्त बाळूने करायची. त्याच्या हातात बॅट कोणी दिली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला त्याची डावखुरी फिरकी हवीशी झाली. मैदानात सगळे एकाच बॉलला हात लावायचे. चहाच्या वेळेला बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, हातात मातीचं भांडं.

१९०६ ला मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्यात बाळूच्या ८ विकेट. १९११ ला पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, तिथे त्याने ११४ विकेट काढल्या. संघाचा कॅप्टन कोण? पतियाळाचे महाराज.

हिंदू संघातही कर्णधारपद त्याच्यापासून लांबच ठेवलं. १९२० मध्ये शिवराम आणि विठ्ठल या त्याच्या भावांनी निषेध म्हणून माघार घेतली, तेव्हा कुठे बाळू उपकर्णधार झाला. १९२३ ला विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदू संघ स्पर्धा जिंकला. बाळू स्वतः कधीच कर्णधार झाला नाही. १९५५ मध्ये तो गेला.

आता आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतील. बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो असतील. पहाटे उठून पिचवर पाणी मारणारा, रोलर फिरवणारा पोरगा कोणत्या पाड्यावरचा आहे, हे यंदा जरा विचारा. आणि त्याच्या हातात एकदा बॅट देऊन बघा.