अर्ध्या मैफलीचे पैसे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वेरूळला गेलेल्या माणसाचे पाय सोळाव्या लेण्यापाशी थबकतातच. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, अखंड डोंगर वरून खाली कोरत आणून हा कैलास घडवला गेला. तिथून पुढे जैन लेण्यांकडे गेलात तर तिसाव्या क्रमांकाला ‘छोटा कैलास’ लागतो. त्याचे काम मात्र अपुरे राहिले. ते का राहिले म्हणून आज कोणी जाब विचारत नाही. त्यासाठी कोणी आगाऊ तिकीट काढलेले नव्हते ना!

तिकीट काढले की गोष्ट बदलते. थोरल्या कैलासाच्या साक्षीने एके काळी वेरूळ महोत्सव रंगत असे. पुढे तो शहराजवळच्या सोनेरी महालाच्या प्रांगणात आला. दुष्काळामुळे आणि इतर अडचणींमुळे काही वर्षे तो भरलाच नाही. २०१६ नंतर तो पुन्हा भरला, तो एकदम फेब्रुवारी २०२३ मध्ये. महोत्सवच नसतो त्या वर्षी रसिक हळहळतो, पण त्याच्या खिशाला तोशीस लागत नाही. खरा पेच वेगळाच आहे. समजा, तुम्ही अशा एखाद्या तीन रात्रींच्या महोत्सवाचे तिकीट काढले. दोन रात्री छान झाल्या आणि तिसऱ्या रात्री पावसाने मंडप आडवा केला. किंवा ज्यांच्यासाठी तुम्ही जालन्याहून, कन्नडहून आलात ते गायकच आले नाहीत आणि बाकीचा कार्यक्रम यथासांग पार पडला. आता पैसे परत मागायचे का? आणि मागायचे तर किती?

हा प्रश्न आजचा नाही. १९०२ च्या जून महिन्यात लंडनमध्ये तो हजारो लोकांना पडला होता. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता. मिरवणूक जाणार त्या रस्त्यांवरच्या घरांच्या खिडक्यासुद्धा भाड्याने गेल्या होत्या. दोन दिवस आधी, २४ जूनला, राजाला आंत्रपुच्छाचा विकार झाल्याचे जाहीर झाले आणि समारंभ पुढे ढकलला गेला. मग सुरू झाल्या कोर्टकचेऱ्या.

हेन्री नावाच्या गृहस्थाने पॉल मॉल रस्त्यावरची जागा दोन दिवसांसाठी ७५ पौंडांना घेतली होती. त्यातले २५ पौंड त्याने आगाऊ भरले होते. उरलेले ५० पौंड मागायला मालक कोर्टात गेला आणि हरला. न्यायालयाचे म्हणणे असे, की जागा शाबूत असली तरी मिरवणूक हाच या कराराचा पाया होता. पाया गेला, करार संपला.

दुसरा खटला आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. राजा आरमाराची पाहणी करणार होता. ती पाहायला लोकांना नेण्यासाठी हटन नावाच्या माणसाने एक आगबोट २५० पौंडांना ठरवली. पाहणी रद्द झाली, पण आरमार समुद्रात नांगर टाकून उभेच होते. न्यायालय म्हणाले, राजा नसला तरी गलबते होती आणि बोटीची फेरीही होऊ शकत होती. तेव्हा ठरलेले पैसे द्या. हे दोन्ही निकाल १९०३ चे, एकाच अपील न्यायालयाचे. म्हणजे निम्मा कार्यक्रम बुडाला तर विचारायचे ते एवढेच : बुडाला तो कराराचा पाया होता, की वरचा कळस?

आणि आगाऊ भरलेल्या पैशांचे काय? तिथे इंग्रजी न्याय फारच कठोर निघाला. १९०४ च्या एका निकालात न्यायालयाने सांगितले, की करार मोडण्याआधी जे दिले ते गेले, आणि जे द्यायचे ठरले होते तेही द्यावे लागेल. हा नियम १९४२ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने मोडला आणि १९४३ मध्ये त्यासाठी कायदा झाला.

गंमत अशी, की आपल्याकडे याचे उत्तर १८७२ पासूनच लिहून ठेवलेले होते. भारतीय करार कायद्यात कलमांखाली उदाहरणे दिलेली आहेत आणि त्यांत गाणारे, नाटकवाले यांना चांगली जागा मिळाली आहे. कलम ६५ खालचे एक उदाहरण असे : एका जलशात गाण्यासाठी गायकाने हजार रुपये आगाऊ घेतले आणि तो आजारी पडला. त्याने आयोजकाचा बुडालेला नफा भरून द्यायचा नाही, पण ते हजार रुपये मात्र परत केले पाहिजेत. कलम ५६ खाली दुसरे उदाहरण आहे. नटाने सहा महिन्यांचा करार केला आणि काही प्रयोगांना तो आजारी पडला. करार बुडतो तो फक्त त्या प्रयोगांपुरता. म्हणजे चूक कोणाचीच नसली तरी न दिलेल्या गोष्टीचे पैसे ठेवून घेता येत नाहीत, आणि झालेल्या भागाचे पैसे सहसा मागता येत नाहीत. तीन रात्रींतली एक बुडाली, तर हिशेब त्या रात्रीचा.

पण दोनशे रुपयांच्या तिकिटासाठी दिवाणी कोर्टाची पायरी कोण चढणार? कायदा होता, पण तो सामान्य माणसाच्या हाताला लागत नव्हता. ही उणीव ओळखून बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. हा दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. या कायद्याने ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत बँक आणि विमा यांच्याबरोबर मनोरंजनही घातले. मैफलीचा श्रोता या कायद्याने ग्राहक झाला.

या हक्काची सीमा कुठवर, हे दाखवणारा खटला वेरूळच्या जवळच, तेव्हाच्या औरंगाबाद शहरात उभा राहिला. २०१६ मध्ये ‘फॅन’ हा चित्रपट आला. जाहिरातींत त्याचे एक गाणे सतत वाजत होते. शहरातील एक शिक्षिका कुटुंबासह चित्रपटाला गेल्या, तर पडद्यावर ते गाणेच नाही! त्यांनी जिल्हा मंचाकडे तक्रार केली. ती फेटाळली गेली. पण राज्य आयोगाने त्यांना दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार रुपये खर्च देवविला, आणि राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय कायम ठेवला. निर्माती कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २२ एप्रिल २०२४ रोजी निकाल उलटला. चित्रपटाची झलक म्हणजे तिकीट घेणाऱ्याला दिलेले वचन नव्हे, त्यातला प्रत्येक तुकडा चित्रपटात असलाच पाहिजे असे नाही, असे न्यायालयाने सांगितले.

बाई हरल्या, असे म्हणून हा विषय सोडू नका. त्या निकालाने एक भेद स्पष्ट केला. भुलवणारी झलक वेगळी, आणि पैसे घेताना दिलेला शब्द वेगळा. तिकिटावर किंवा कार्यक्रमपत्रिकेवर ‘तीन रात्री’ असे छापले असेल, कलाकाराचे नाव आणि वेळ दिली असेल, तर तो शब्द झलकेपेक्षा खूपच वजनदार ठरतो.

यावर आयोजक तिकिटामागची बारीक अक्षरे दाखवतात : ‘कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे.’ एका कलाकाराऐवजी तोलामोलाचा दुसरा बसला, तर या ओळीचा आधार घेता येईल. पण सबंध रात्र गिळायला ती पुरेशी नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही कल्पना आणली. करारात ग्राहकावर लादलेली अवाजवी अट राज्य आयोग रद्द ठरवू शकतो. सदोष सेवेचे पैसे पावतीवरील मुदतीत, मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत न करणे हीसुद्धा त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

एक पथ्य मात्र आहे. फुकट पासावर आलेल्या पाहुण्याला हा हक्क नाही. विनामोबदला सेवा कायद्याने बाहेर ठेवली आहे. तिकीट मित्राने काढून दिले असेल, तर मात्र तुम्हीही ग्राहकच.

तेव्हा तिकीट फाडून टाकू नका, पत्रिका जपून ठेवा. आधी आयोजकाला लेखी कळवा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर सांगा, आणि मग जिल्हा आयोगाकडे जा. मुदत दोन वर्षांची आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आणि पूर्वीसारखे आयोजकाच्या गावी जावे लागत नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. कन्नडच्या माणसाने मुंबईच्या आयोजकासाठी मुंबईला खेटे घालायचे कारण उरलेले नाही.

रक्कम लहान असते, हे खरे. पण आयोजकाच्या गल्ल्यात अशा हजारो लहान रकमा एकत्र येतात आणि कोणी मागत नाही म्हणून तिथेच राहतात. छोट्या कैलासाचे अपुरे काम आपण कौतुकाने पाहतो, कारण त्यासाठी आपण काही मोजलेले नसते. जिथे मोजले आहे, तिथे उरलेल्या कामाचा हिशेब विचारणे हा रसिकपणाला कमीपणा नाही. झालेल्या दोन रात्रींना मनापासून दाद द्यावी आणि न झालेल्या तिसरीचे पैसे तितक्याच मोकळेपणाने मागावेत.