रापण आणि बांगडा

ज्या धंद्याच्या कमाईवर आमच्या देवळाच्या भिंती उभ्या राहिल्या, त्या रापणीच्या धंद्याविषयीं ह्या ज्युबिलीच्या पुस्तकांत चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

बांगड्याचें शास्त्रीय नांव रास्ट्रेलिजर कानागुर्ता. पॅट्रिक रसेल ह्यानें १८०३ सालीं विशाखापट्टणच्या माशांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हा मासा तेथील तेलुगु नांवानें आला. १८१६ सालीं क्यूव्हिएनें तेंच कायम केलें. मालवण-वेंगुर्ल्याचें नांव ग्रंथांत शिरलें असतें तर आम्हांस अधिक आनंद झाला असता. पण तें असो.

पावसाळ्यांत खोल पाण्यांतील पोषक द्रव्यें वर येतात व सूक्ष्म जीवांची समृद्धि होते. पुढें आश्विन-कार्तिकांत बांगड्याचे थवे किनाऱ्यालगत येऊन, तोंड उघडें ठेवून पोहतां पोहतां, तें पाणी कल्ल्यांतील बारीक कंगव्यांतून गाळून खातात. थवा असा चरूं लागला म्हणजे शांत समुद्रावर बारीक पाऊस पडल्यासारखी खळबळ दिसते, पाण्याचा रंग पालटतो, वर पक्षी घिरट्या घालतात. काळोख्या रात्रीं थव्याच्या हालचालीनें पाणी उजळतें. हें ओळखणारा डोळा सर्वांस नसे. म्हणून एखादा अनुभवी म्हातारा उंचावर उभा राही, व त्याच्या हाताच्या खुणेवर होडी जाळें सोडीत अर्धवर्तुळ घेई. होडींतील मनुष्यास जें दिसत नाहीं तें किनाऱ्यावरून दिसतें. संत योहानाच्या शुभवर्तमानांतील तिबिर्या समुद्राची कथा आमच्या लोकांस निराळी समजावून सांगावी लागत नाहीं, ती ह्यामुळेंच.

मग दोन्ही टोंकांचे दोर ओढण्यास सारा गांव लोटे. ख्रिस्ती कोण व गाबीत कोण, हें दोरास ठाऊक नसे. होडीचा व जाळ्याचा वांटा निराळा काढून बाकीची मासळी ओढणाऱ्यांत वांटली जाई, आणि नुसता हात लावणाराही रिकामा परतत नसे.

१९७० नंतरच्या दशकांत ट्रॉलर व पर्ससीन जाळीं आलीं. पर्ससीन थव्यास किनाऱ्यास लागण्यापूर्वींच वेढून तळ आवळून घेतें. मग उंचावरील म्हाताऱ्यानें काय पाहावें? गोव्यांत माथानी साल्ढाणा प्रभृतींनीं रापणकारांचा लढा चालविला. किनाऱ्याजवळचें पाणी लहान मच्छीमारांस राखावें ह्या हेतूनें गोव्यांत १९८० व महाराष्ट्रांत १९८१ सालीं कायदे झाले. परंतु समुद्रावर पहारा ठेवणें सोपें नव्हे. बांगडा मुळांतच लहरी, कांहीं वर्षें उदंड तर कांहीं वर्षें दुर्मिळ, हें आमच्या वाडवडिलांसही ठाऊक होतें. तेव्हां सर्व दोष यंत्रांवर लादणें न्यायाचें होणार नाहीं. तरुण मुंबईस व आखातांत गेले, दोर ओढावयास हात उरले नाहींत, हेंही खरें आहे.

थवा ओळखणारे वृद्ध आमच्या धर्मग्रामांत आतां मोजकेच आहेत, व त्यांची विद्या कोणीं लिहून घेतलेली नाहीं. धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलांनीं ह्या वर्षांत त्यांच्याजवळ बसून ती लिहून काढावी. वह्या आमच्याकडे मिळतील.