सिरफिड माशी
द्विपंखी गणाच्या सिर्फिडी कुलातील, फुलांवर येणारी माशी. जगात सुमारे ६,००० जाती. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे ती गांधीलमाशी वाटते. पण पंख दोनच, शृंगिका बहुधा आखूड आणि नांगी नाही. हवेत एका जागी तरंगते, ही दुरून पटणारी खूण. खात्री मात्र भिंगातूनच होते : पंखाच्या मध्यावर, टोकांना मोकळी अशी आभासी शीर दिसते. एपिसिर्फस बाल्टिएटस या जातीच्या पोटावर जोडपट्टे असतात. एरिस्टॅलिनस या प्रजातीचे डोळे ठिपकेदार किंवा पट्टेरी. सुरतेत शोधायची तर हिवाळ्यात फुललेली कोथिंबीर आणि मावा कीड पडलेली पापडीची वेल पाहावी. अनेक जातींच्या अळ्या मावा फस्त करतात. एरिस्टॅलिनसची शेपटीवजा श्वासनळीची अळी मात्र घाण पाण्यात वाढते. भारतीय जातींवरचा कीटकशास्त्रज्ञ ब्रुनेट्टीचा ग्रंथ १९२३चा.