पहाऱ्याचें मोल

गेल्या महिन्यांत आम्ही राहतों त्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. सदनिका चाळीस, फाटकें दोन, आणि प्रत्येक फाटकावर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. म्हणजे पहारेकरी एकंदर चार. दरमहाची वर्गणी फार झाली, सबब मागच्या फाटकावरील रात्रीचा माणूस कमी करावा, अशी सूचना आली. सूचना मांडणारे गृहस्थ सेवानिवृत्त होते. त्यांची अडचण खोटी नव्हती. विरोध करणाऱ्या बाई एकट्या राहणाऱ्या. त्यांची भीतीहि खोटी नव्हती. दोन तास वाद होऊन सभा तहकूब झाली. घरीं जातांना मागच्या फाटकावरचा पहारेकरी आम्हांस पाहून उठून उभा राहिला, आणि मनांत आलें कीं, ज्याच्या नोकरीविषयीं एवढा वाद झाला, त्याच्या झोंपेचा उल्लेख सभेंत एकदांहि निघाला नाहीं.

पहारा किती ठेवावा आणि त्याचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न सोसायट्यांनीं निर्माण केलेला नव्हे. महाराष्ट्रांत तो फार जुना आहे. त्याची पूर्वपीठिका थोडी पाहिली, तर आजच्या वादांत काय विसरलें जातें हें ध्यानांत येईल, असें आम्हांस वाटतें.

गांवगाड्यांत पहारा हें वतन होतें. वेशीवर वेसकर महार, रात्रीं फिरणारा जागल्या, आणि डोंगराळ मुलुखांत रामोशी, यांच्याकडे गांवाची राखण असे. वतनाची जमीन, खळ्यावरचें बलुतें आणि घरोघरची भाकरी हेंच त्यांचें वेतन. ज्याचें पीक मोठें त्यानें अधिक द्यावें, अशी ढोबळ रीत होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयीं १८१९ सालीं जो वृत्तांत लिहिला, त्यांत गांवच्या राखणदाराच्या जबाबदारीचें वर्णन आहे. चोरी झाली कीं राखणदारानें चोराच्या पावलांचा माग काढावा. माग शेजारच्या गांवाच्या शिवेंत शिरला, तर तो तेथील राखणदाराच्या हवालीं करावा. मग जबाबदारी त्या गांवाची. या व्यवस्थेंत एक मोठा गुण होता. पहारा हा अधिकार होता, आणि अधिकाराबरोबर जबाबदारी व मोबदला हीं तिन्ही एकाच दोरीनें बांधलेलीं होतीं.

ही दोरी तोडली म्हणजे काय होतें, हें लौकरच दिसून आलें. १८१८ सालीं राज्य गेलें. नव्या सरकारास जुन्या किल्ल्यांच्या शिबंदीचा खर्च निरुपयोगी वाटला. पुरंदरासारख्या किल्ल्याच्या राखणेवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेले रामोशी बेकार झाले, त्यांच्या हक्कांनाहि कात्री लागली. त्यांतूनच उमाजी नाइकांचें बंड उभें राहिलें. तें मोडण्यासाठीं सरकारास कित्येक वर्षें फौजा हिंडवाव्या लागल्या, आणि अखेरीस १८३२ सालीं पुण्यास उमाजींना फांशी देण्यांत आलें. त्या बंडाचीं कारणें एवढींच होतीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पहाऱ्यांत केलेली काटकसर दुसऱ्या खात्यावर खर्चीं पडते, एवढा धडा त्यांत खचित आहे.

मात्र जुन्या व्यवस्थेचें गुणगान करून थांबणें अन्यायाचें होईल. तींत एक घोर दोष होता: वेळेचें माप नव्हतें. १८७४ च्या वतन कायद्यानें ती चाकरी पक्की बांधून टाकली. महार वतनदार आठौप्रहर सरकारचा व गांवाचा ताबेदार. तो हजर नसला तर त्याच्या घरच्या माणसानें कामावर उभें राहावें. मोबदला म्हणावा तर बलुतें, आणि तें मिळणें गांवाच्या मर्जीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत या कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मांडलें, त्यांत बलुत्याऐवजीं रोख आकाराची तरतूद होती. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, गांवास चाकरी हवी असेल तर तिचें मोल गांवानें मोजून द्यावें. मोल न देतां घेतलेली चाकरी ही वेठ होय. तें विधेयक त्या वेळीं तडीस गेलें नाहीं. हीं कनिष्ठ वतनें कायद्यानें नाहींशीं होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें.

आतां शहराकडे वळूं. मुंबईच्या चाळींत पहारा मालकाचा असे. जिन्याखालच्या खोलींत राहणारा भय्या किंवा रात्रीं काठी आपटीत फिरणारा गुरखा याचा पगार भाड्यांतून निघे, व तो किती हें भाडेकऱ्यास ठाऊक नसे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १९४० च्या मानावर गोठवलीं, तेव्हां पहारा, दुरुस्ती व रंगरंगोटी या सर्वांवर मालकाचा हात आंखडला. परंतु त्याच्या आधींच एक निराळी वाट निघाली होती. १९१५ सालीं गांवदेवी येथें श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. अशा संस्थेंत घरांत निजणारा आणि पहाऱ्याचा पगार देणारा हे दोघे एकच झाले. पहाऱ्याचा खर्च आतां झांकून ठेवण्याजोगा राहिला नाहीं. तो दरमहाच्या पावतीवर आला, आणि सभेंतल्या भांडणाचा विषय झाला.

१९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखालील नमुनेदार उपविधींनीं या भांडणास एक उत्तर दिलें आहे. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर. दुरुस्तीचा निधि बांधकामखर्चाच्या प्रमाणांत. परंतु पहारेकरी, माळी, कारकून यांच्या पगाराचा सेवाआकार मात्र प्रत्येक सदनिकेस सारखा, मग ती लहान असो कीं मोठी. फाटकावरचा माणूस माणसांचें रक्षण करतो, चौरस फुटांचें नव्हे, हें त्यामागचें तत्त्व दिसतें. उलट १९७० च्या अपार्टमेंट कायद्यानें सामाईक मालकींतील हिश्श्याच्या प्रमाणांत खर्च वांटला, म्हणजे ज्याचें घर मोठ्या किंमतीचें त्यावर भार अधिक. मोठ्या खळ्यानें अधिक बलुतें द्यावें, या जुन्या रीतीशीं हा दुसरा मार्ग अधिक जुळतो. दोन्ही मार्गांस आधार आहे. परंतु दोहोंतहि प्रश्न रहिवाशांनीं आपसांत कसें वांटून घ्यावें एवढाच आहे. पहारेकऱ्याच्या वांट्यास काय आलें, हें त्यांत कोठेंच नाहीं.

तें पाहण्यासाठीं १९८१ सालीं महाराष्ट्रानें खाजगी सुरक्षारक्षकांचा कायदा केला. माथाडी कामगारांसाठीं १९६९ सालीं झालेल्या कायद्याच्या धर्तीवर तो बेतलेला आहे: रक्षकाची नोंदणी मंडळाकडे, आणि मालकानें मजुरीबरोबर ठराविक आकारणी भरावयाची, ज्यांतून भविष्यनिर्वाह निधि व इतर लाभ निघावे. तरीहि बहुसंख्य लहान इमारती स्वस्त ठेकेदाराची वाट धरतात, आणि बारा तासांची पाळी ही जणू निसर्गाचा नियम असल्याप्रमाणें चालू राहते.

येथें थोडा हिशेब करूं. एक फाटक अहोरात्र राखावयाचें म्हणजे आठवड्याचे १६८ तास. माणसानें आठवड्यास ४८ तास काम करावें हें रूढ माप धरलें, तर एका फाटकास साडेतीन माणसें लागतात. रजा व आजार धरून चार. बारा तासांच्या पाळीनें हेंच काम दोघांत भागतें, परंतु त्या दोघांस आठवड्याची सुट्टी राहत नाहीं. प्रत्येकाचा एकंदर खर्च दरमहा २०,००० रुपये गृहीत धरूं. चौघांचे ८०,००० झाले. सोळा सदनिकांच्या इमारतींत दर घरीं ५,००० रुपये येतात, ऐशीं सदनिकांच्या संकुलांत १,००० च. लहान इमारतीची अडचण खरी आहे ती येथें. दोघांवर भागवलें तर हे आंकडे निम्मे होतात. आणि तो निम्मा भाग कोठून आला म्हणून विचारलें, तर उत्तर एकच: पहारेकऱ्याच्या झोंपेंतून आणि त्याच्या घरच्या वेळेंतून. बलुत्याच्या काळीं जें उघडपणें होत असे, तें आतां पावतीच्या आड होतें, एवढाच फरक. शिवाय बारा तास उभा राहिलेला माणूस पहांटे तीन वाजतां डोळे मिटतो; म्हणजे जी सुरक्षितता आपण विकत घेतली असें समजतों, ती ऐन वेळीं हातीं नसते.

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, वर्गणी कमी करावयाची असेल तर आधीं फाटकें कमी करावीं, माणसें शेवटीं. आमच्या सोसायटीचेंच पाहा. मागचें फाटक कायमचें बंद केलें, तर तेच चार पहारेकरी एका फाटकावर आठ-आठ तासांच्या पाळ्यांनीं पुरतात, चौथा सुट्ट्यांच्या बदलीस राहतो, आणि खर्च एका रुपयानेंहि वाढत नाहीं. याचा त्रास आहेच. मागच्या गल्लींतील बाजारास जाणाऱ्या वृद्धांस वळसा पडेल, दूधवाल्यास फेरा पडेल. सेवानिवृत्त सभासदांस दरमहा ५०० रुपये वांचण्याची जी आशा होती, तीहि सोडावी लागेल. त्यांच्यासाठीं इतर खर्चांत काटछांट शोधणें हें समितीचें काम आहे, आणि तें तिनें टाळूं नये.

पुढील सभेंत आम्ही हाच ठराव मांडणार आहों. तो मंजूर होईल कीं नाहीं, सांगवत नाहीं. पांच मिनिटांचा वळसा हा पुष्कळांस दुसऱ्याच्या चार तासांपेक्षां जड वाटतो, असा अनुभव आहे. तथापि ठरावाबरोबर एक विनंति आम्ही करूं: चर्चा सुरू होण्यापूर्वीं चिटणीसांनीं चारहि पहारेकऱ्यांच्या कामाचे तास फळ्यावर लिहावेत, आणि त्यांखालीं वर्गणीचा आंकडा लिहावा. दोन्ही आंकडे एकाच फळ्यावर दिसूं लागले, म्हणजे निदान काय विकत घेतों आणि कोणाकडून घेतों, हें सभेस कळून मतदान होईल.