घराला लागून असलेली सुतारशाळा

कारखान्यांचे युग येण्यापूर्वी कारागिराचे घर आणि त्याचे कामाचे ठिकाण सहसा वेगळे नसे. अमेरिकेतील लाँग आयलंड बेटावर ईस्ट हॅम्प्टन गावी डॉमिनी घराण्याने याचा उत्तम दाखला मागे ठेवला आहे. नॅथॅनिएल चौथे (१७३७-१८१२), त्यांचे पुत्र नॅथॅनिएल पाचवे आणि नातू फेलिक्स या तीन पिढ्या राहत्या घराला जोडलेल्या खोल्यांत राबल्या. एका खोलीत लाकूडकाम चाले, दुसरीत घड्याळे घडत. कातकामासाठी एक प्रचंड चाक होते. ते मदतनिसाने फिरवायचे आणि कारागिराने पटाशी धरायची. शेती सांभाळून या मंडळींनी खुर्च्या, कपाटे बनविली. १८०६ मध्ये गावासाठी पवनचक्कीही उभारली. ती आजही उभी आहे.

पुढे कारखान्यांचा स्वस्त माल आला. १८३५ मध्ये फेलिक्स हातातील रंधा ठेवून दीपगृहाचे रक्षक झाले. १९४६ मध्ये घर पाडले गेले. मात्र त्या दोन खोल्या वाचविण्यात आल्या. हत्यारे १९५७ मध्ये विंटरथर संग्रहालयाकडे गेली. हिशेबाच्या वह्याही टिकल्या. म्हणूनच कोणी काय घडविले, त्याचे किती दाम आले, हे आज आपण वाचू शकतो.

श्रमिकांचा इतिहास क्वचितच ग्रंथांत सापडतो. तो बहुधा त्यांच्या हत्यारांच्या झिजलेल्या मुठींत असतो. आजोबांची करवत मोडीत घालण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे, एवढेच आम्हांस सुचवावेसे वाटते.