एक नोंद, एक चिठ्ठी

शिक्षक रोज पाठाचे टाचण काढतात. वर्षअखेर वही भरते, कपाटात जाते आणि नवी वही सुरू होते. तीन वर्षांनी प्रश्न पडतो, की उत्प्लावक बल शिकवताना मुलांना कोणते उदाहरण पटकन पटले होते? नोंद केलेली असते, पण ती सापडत नाही. विद्यार्थ्यांच्या वह्यांचेही तसेच. लिहून ठेवणे आणि हवे तेव्हा सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी साधण्यासाठी माणसाने काय काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडच्या हिशेबनिसांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. व्यवहार घडेल त्या क्रमाने तो रोजकीर्दीत लिहायचा आणि नंतर त्या त्या माणसाच्या नावे खतावणीत उतरवायचा. रोजकीर्दीचा क्रम काळाचा, खतावणीचा क्रम विषयाचा. ‘काल काय झाले?’ याचे उत्तर पहिली वही देते, तर ‘अमक्याकडून किती येणे?’ याचे दुसरी. मात्र यासाठी प्रत्येक नोंद दोनदा लिहावी लागते. शिवाय वही बांधलेली असते. एका खात्याला दिलेली पाने संपली, की पुढची नोंद भलतीकडेच जाते.

हीच अडचण ग्रंथांच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर येते. 1853 मध्ये रेल्वे ठाण्याला आली आणि 1854 मध्ये कल्याणला पोचली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चे. ठाण्याच्या संग्रहालयाच्या संस्थापकांत विनायक लक्ष्मण भावे (1871–1926) होते. भावे जुन्या मराठी हस्तलिखितांचे संग्राहक व अभ्यासक. जुन्या बाडांत एका कवीचे अभंग, दुसऱ्याची आरती आणि मध्येच एखादे औषध असे सगळे एकत्र असते. लिहिणाऱ्याला जे जसे मिळाले, तसे त्याने उतरवले. म्हणजे ही एक प्रकारची रोजकीर्दच! वाङ्मयाचा इतिहास लिहायचा, तर तिची कवीवार आणि काळवार खतावणी करावी लागते. भाव्यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वत’ या ग्रंथामागे असे काम आहे. प्रथम निबंधरूपाने आलेले हे लेखन 1919 मध्ये विस्तृत ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाले. पुढे शं. गो. तुळपुळे यांनी त्याला पुरवणी जोडली. मांडणी उघड असली, की एकाने सोडलेले काम दुसऱ्याला उचलता येते, ते असे.

बांधलेल्या वहीवरचा उपाय विज्ञानातही शोधला गेला. वनस्पती व प्राण्यांचे वर्गीकरण करणारा स्वीडनचा लिनियस याच्याकडे जगभरातून नवनव्या जातींची माहिती येत असे. वहीत कितीही कोरी जागा सोडली तरी ती पुरेना. आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने सारख्या आकाराच्या सुट्या चिठ्ठ्या वापरायला सुरुवात केली. एका चिठ्ठीवर एकच नोंद. नवी जात आली, की तिची चिठ्ठी योग्य जागी सरकवायची. बाकीचे काहीही पुन्हा लिहायचे नाही. ऑक्सफर्डचा इंग्रजी शब्दकोशही अशाच चिठ्ठ्यांवर उभा राहिला. वाचकांनी त्या टपालाने पाठवल्या आणि संपादक मरे यांनी खणांच्या फळ्यांवर लावल्या.

महाराष्ट्रात याची दोन मोठी उदाहरणे पुण्याला आहेत. शंकर गणेश दाते यांनी ग्रंथालयांमागून ग्रंथालये पालथी घालून 1800 ते 1937 या काळातील मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ तयार केली. ती 1944 मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरे उदाहरण डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाचे. 1948 मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने हे काम सुरू झाले. सुमारे 1,500 ग्रंथांतून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमा झाल्या. पहिला खंड बाहेर पडायला 1976 साल उजाडले. आधी जमवणे, मग लावणे आणि शेवटी लिहिणे, असा हा क्रम आहे.

लावण्याला इतके महत्त्व का, हे साध्या गणिताने कळते. समजा, 1,00,000 चिठ्ठ्या कशाही टाकल्या आहेत. हवी ती चिठ्ठी मिळेपर्यंत सरासरी 50,000 चिठ्ठ्या पाहाव्या लागतील. त्याच अकारविल्हे लावल्या, तर मधली चिठ्ठी पाहायची, आपला शब्द अलीकडे की पलीकडे ते ठरवायचे आणि निम्मा गठ्ठा सोडून द्यायचा. असे करत गेल्यास जास्तीत जास्त 17 वेळा पाहून काम होते. कारण 2 चा 17 वा घात 1,31,072 आहे. शब्दकोशात शब्द पाहताना आपण नकळत हेच करतो.

चिठ्ठीचे तोटेही आहेत. ती हरवते. त्याहून मोठा तोटा म्हणजे नोंद आपल्या संदर्भापासून तुटते. यावर जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान (1927–1998) यांचा उपाय मजेदार होता. प्रत्येक चिठ्ठीला ते क्रमांक देत आणि तिच्यावर संबंधित चिठ्ठ्यांचे क्रमांक लिहीत. त्यांच्याकडे सुमारे 90,000 चिठ्ठ्या होत्या. आजचे संगणक आणि मोबाइल हेच काम क्षणात करतात. एकच नोंद तारखेने, नावाने किंवा विषयाने हवी तशी समोर येते. पण नोंदीला कोणते नाव द्यायचे, ती कशाशी जोडायची, हे ठरवणे अजूनही विचारपूर्वक करावे लागते. तिथे घाई केली, तर यंत्रातही बाडच तयार होते.

वर्गात हे करून पाहता येईल. जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांतून पोस्टकार्डाएवढे कागद कापा. धडा शिकवून झाला, की प्रत्येक विद्यार्थ्याने एका कागदावर एकच कल्पना स्वतःच्या शब्दांत लिहावी. वर शीर्षक आणि खाली तारीख व पृष्ठ क्रमांक घालावा. महिनाअखेर सगळे कागद एकत्र करून गटांना लावायला द्या. एकच कागद दोन गटांना दोन ठिकाणी हवासा वाटेल आणि वाद होईल. तो होऊ द्यावा. ‘बाष्पीभवन’ भौतिकशास्त्रात ठेवायचे की भूगोलात, यावर भांडणारी मुले त्या दिवशी वर्गीकरण म्हणजे काय ते शिकलेली असतात. कागद टाकून देऊ नयेत. पुढच्या वर्षीच्या वर्गाला ते आयतेच मिळतील.