वेदनेचा अठरावा हिस्सा

वॉशिंग्टन शहरात तांबड्या विटांची एक अवाढव्य इमारत आहे. आज तेथे नॅशनल बिल्डिंग म्यूझियम असले, तरी १८८७ साली ती पूर्ण झाली तेव्हा अमेरिकेच्या पेन्शन ब्यूरोचे ते मुख्यालय होते. माँटगोमेरी मेग्ज या सेनाधिकाऱ्याने तिचा आराखडा केला. कॅस्पर ब्यूबर्ल या शिल्पकाराने तिच्या चारही भिंतींवर भाजक्या मातीचा सुमारे १२०० फूट लांबीचा शिल्पपट्ट घडवला. यादवी युद्धातले पायदळ, घोडदळ, तोफखाना, नौसैनिक आणि जखमी त्या पट्टावर अखंड कूच करीत आहेत. इमारतीच्या आत मात्र कारकून ज्यांच्या दप्तरांच्या गाठी सोडत बसत, त्यांतल्या असंख्य सैनिकांचे म्हणणे एकच होते: आता चालवत नाही.

युद्धसाहित्य जखमेविषयी बोलते, संधिवाताविषयी क्वचितच. स्टीफन क्रेनच्या १८९५ सालच्या ‘द रेड बॅज ऑफ करेज’ या कादंबरीच्या शीर्षकातच जखम ही शौर्याची लाल खूण झालेली आहे. परंतु त्या युद्धात जे मेले त्यांतले सुमारे दोनतृतीयांश रोगराईने मेले, आणि जे जगले त्यांतले कितीतरी ओल्या जमिनीवर काढलेल्या रात्री सांध्यांत घेऊन घरी परतले. त्यांच्या अंगावर खूण नव्हती. प्रश्न असा की, खूण नसलेल्या दुखण्यावर शासनाने विश्वास कसा ठेवावा? दीडशेहून अधिक वर्षे अमेरिकेतल्या माजी सैनिकांचे दावे आणि अपिले या एका प्रश्नाभोवती फिरत आली आहेत, असे आम्हाला वाटते.

त्या काळचा ‘रूमॅटिझम’ हा शब्द आजच्या वैद्यकाइतका नेमका नव्हता. तो आला ग्रीक भाषेतल्या वाहण्याच्या कल्पनेतून. आपल्या ‘संधिवाता’त जसा वात, तसा त्यात प्रवाह. शरीरात काहीतरी फिरते आहे ही जुनी समजूत दोन्ही शब्दांत शिल्लक आहे. आणि जे फिरते, त्यावर बोट ठेवता येत नाही. दावेदाराची खरी अडचण हीच होती.

१४ जुलै १८६२ च्या कायद्याने पूर्णतः विकल झालेल्या साध्या शिपायाला दरमहा ८ डॉलर देऊ केले. अट एवढीच की, विकलता सैन्यसेवेतच उद्भवलेली असावी. पाय कापला गेलेल्याला ही अट जड नव्हती. पण १८६३ च्या हिवाळ्यात धरलेला गुडघा त्याच हिवाळ्यात धरला, हे सतरा वर्षांनी कसे सिद्ध करायचे? १८७९ च्या कायद्याने थकबाकीचे दार उघडले, तेव्हा तर दाव्यांचा पूरच आला. रेजिमेंटचा डॉक्टर हयात असेल तर त्याचे लेखी म्हणणे, नसेल तर अधिकाऱ्याचे, तेही नसेल तर तंबूतल्या सोबत्यांचे, आणि घरी परतल्यानंतरच्या काळासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे. असा पुरावा जमवावा लागे.

यातून शपथपत्रांचा एक स्वतंत्र लेखनप्रकारच जन्माला आला. त्याचे संकेत ठरलेले होते: भरती होताना हा माणूस धडधाकट होता, अमक्या मुक्कामी पावसात भिजला, त्याला गाडीत घालून न्यावे लागले, परतल्यावर नांगर धरवेना. ज्यांना लिहिता येत नसे ते अंगठ्याऐवजी फुली करीत, आणि मजकूर दुसराच कोणी लिही. त्यामुळे या कागदांत दोन आवाज एकमेकांवर बसलेले असतात: एक सोसणाऱ्याचा, दुसरा दाव्याला काय लागते हे जाणणाऱ्याचा. यातला खरा कोणता, हा प्रश्न आम्हाला फारसा उपयोगाचा वाटत नाही. साच्यात बसल्याखेरीज वेदना ऐकलीच जात नव्हती, हे अधिक महत्त्वाचे.

पुढे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळासमोर उभे राहायचे. त्यांनी सांधे वाकवून पाहायचे, आतली करकर हाताने चाचपायची, आणि मग दुखणे अपूर्णांकात मांडायचे. हे अपूर्णांक अठराव्या हिश्श्यांचे असत. एखाद्याचा संधिवात ६/१८ ठरे, एखाद्याचा ८/१८. वेदनेचे इतके नेमके आणि इतके निरर्थक भाषांतर क्वचितच झाले असेल.

ज्यांच्याकडे कागदच नव्हते त्यांची गोष्ट वेगळी. सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक या युद्धात उत्तरेकडून लढले. त्यांतले बहुसंख्य गुलामीत जन्मलेले. जन्माची नोंद नाही, मुक्तीनंतर अनेकांनी नावे बदललेली. त्यांचे दावे गोऱ्या सैनिकांच्या मानाने अधिक फेटाळले गेले. दुखणे तेच, पण साक्ष कोणाची यावर त्याचे वजन ठरे. हॅरिएट टबमन यांनी परिचारिका, टेहळणी करणारी आणि हेर अशी तिन्ही कामे केली. त्यांना १८९५ साली निवृत्तिवेतन मिळाले ते सैनिकाची विधवा म्हणून, दरमहा ८ डॉलर. १८९९ साली ते २० डॉलर झाले, तेही परिचारिकेच्या कामाच्या आधारावर.

जून १८९० च्या कायद्याने सेवेशी संबंध जोडण्याची अट सोडून दिली. नव्वद दिवसांची सेवा, सन्मानाने मुक्तता आणि अंगमेहनतीस असमर्थता एवढे पुरेसे ठरले. मात्र दुखणे वाईट सवयींतून आलेले नसावे. म्हणजे सांधा तपासता तपासता शीलाचीही तपासणी. असेच एक विधेयक राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी १८८७ साली नाकारले होते, आणि त्यांची चिंता अगदीच निराधार नव्हती: १८९३ पर्यंत केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे ४० टक्के भाग निवृत्तिवेतनांवर जाऊ लागला. शेवटी १९०४ साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या आदेशाने बासष्ट वर्षांचे वय हीच अर्धी विकलता मानली गेली. पुराव्याच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हते, त्यातून काढलेली ती पळवाट होती.

विसाव्या शतकात क्ष-किरण आले आणि झिजलेला सांधा दिसू लागला. आजच्या नियमांतही झिजेच्या संधिवाताला क्ष-किरणाचा आधार लागतो. सेवामुक्तीनंतर एका वर्षाच्या आत तो ठरावीक प्रमाणात प्रकट झाला, तर तो सेवेतूनच आला असे गृहीत धरले जाते. आणि पुरावा दोन्ही बाजूंनी समतोल असेल तर संशयाचा फायदा सैनिकाला. ऐकायला हे उदार आहे. पण १९३३ साली अपील मंडळ स्थापन झाले, आणि त्याच्यापुढे न्यायालयात दाद मागण्याची सोय झाली ती थेट १९८८ च्या कायद्याने. तोवर वकिलाचे शुल्क दहा डॉलरांहून अधिक असू नये, हा १८६४ सालचा नियमही टिकून होता. सैनिकाला लुबाडणाऱ्यांपासून वाचवण्यासाठी केलेल्या नियमाने त्याला शतकभर जवळजवळ वकिलाविना ठेवले.

न्यायालय आले तरी जुना प्रश्न सुटला नाही. १९९५ च्या ‘डेलूका’ खटल्यात सांधा किती अंश वाकतो एवढेच न मोजता, वेदनेमुळे होणारी हानीही धरावी, असे ठरले. १९९९ साली मात्र, निदान झालेला आजार मागे नसेल तर नुसती वेदना ही विकलता नव्हे, असा निर्णय आला. तो तब्बल अठरा वर्षांहून अधिक काळ टिकला. २०१८ साली ‘सॉन्डर्स विरुद्ध विल्की’ या गुडघेदुखीच्या खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने तो मोडला: वेदनेमुळे शरीराचे कार्य खुंटत असेल, तर निदानाचे नाव नसतानाही ती विकलता ठरू शकते.

या निकालाने सारे दावे सोपे झाले नाहीत. सेवेशी नाते दाखवावेच लागते. तरीही सोसणाऱ्याचे ‘दुखते’ हे एक क्रियापद कायद्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरायला १८६२ पासून दीडशेहून अधिक वर्षे लागली, याची नोंद साहित्याच्या विद्यार्थ्यांनी घ्यायला हवी. जुनी शपथपत्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत. क्रेनची कादंबरी शिकवताना त्यांतले एखादे शेजारी ठेवून वाचावे. युद्ध न पाहिलेल्या लेखकाला जखमेची भाषा सापडली होती. युद्ध भोगलेला माणूस मात्र गुडघ्यावर हात ठेवून, कारकुनाला पटेल असे एक वाक्य शोधत होता.